पुगिओच्या म्यानात चांदी बसवताना : कामाच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४

आज काम हातात घेतलं. रोमन सैनिकांच्या वेशात लोकांना इतिहास दाखवणारा एक गट इथे जर्मनीत आहे. त्यातल्या एका गृहस्थांना त्यांच्या पुगिओसाठी म्यान हवं आहे. पुगिओ म्हणजे रोमन सैनिकाच्या कमरेचा खंजीर. पातं दुधारी, कमरेत किंचित बारीक होऊन पुन्हा पानासारखं फुगणारं, मधोमध कणा. मुठीच्या मध्यावर एक गोल फुगवटा, तो मुठीत बरोबर बसतो. पातं आणि मूठ त्यांनी एका लोहाराकडून आधीच करून घेतली आहे, आणि काम चोख आहे. माझ्याकडे फक्त म्यान.

फक्त म्हणतेय खरी, पण या खंजिराचा सगळा थाट म्यानातच असतो. रोमनांनी हा खंजीर स्पेनमधल्या केल्टिबेरियन लोकांकडून उचलला. सीझरच्या खुनानंतर इ.स.पू. ४२ मध्ये त्या कटातल्या ब्रूटसने जे नाणं पाडलं, त्यावर एका टोपीच्या दोन बाजूंना असेच दोन खंजीर आहेत. पण चांदी-पितळेने मढलेली म्यानं बहरली ती रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळापासून पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात. लोखंडी पत्र्यात चर कोरायचे, त्यात चांदीची किंवा पितळेची तार ठोकून बसवायची, मधल्या खळग्यांत लाल मीना, म्हणजे वितळवून बसवलेली रंगीत काच, भरायचा. आणि ही म्यानं राजेरजवाड्यांची नव्हेत, छावणीत चिखल तुडवणाऱ्या सैनिकांची. मला या कामाची ओढ आहे ती त्यामुळेच.

त्या गृहस्थांनी त्यांचं जुनं, विकत घेतलेलं म्यान दाखवायला आणलं होतं. ॲसिडने खाल्लेल्या उथळ रेषा आणि त्यात सोनेरी रंग. दोन उन्हाळे पावसात उभं राहिल्यावर अर्धी नक्षी धुऊन गेलेली. मी त्यांना सांगितलं, माझ्या म्यानात गोंद नसेल, झाळणीचा टाका नसेल, रंग नसेल. धातूने धातूला धरलं पाहिजे. वेळ लागेल. ते म्हणाले, लागू दे.

२० जानेवारी

हाल्टर्नला जाऊन आले. लिप्पे नदीकाठचं हे गाव. ऑगस्टसच्या सैन्याची मोठी छावणी इथे होती. इ.स. ९ मध्ये रोमन सेनापती वारूसची तीन लीजनं, म्हणजे सैन्यदलं, जर्मन टोळ्यांनी कापून काढली, त्या घडामोडींशी या छावणीचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. २०१९ साली इथल्या दफनभूमीच्या उत्खननात एक खंजीर म्यानासकट आणि कमरपट्ट्यासकट सापडला. सापडला तेव्हा तो गंजाचा एक वेडावाकडा गोळा होता. त्यावर नऊ महिने काम झालं. आतून चांदीची नक्षी, लाल काच आणि म्यानाचं लिंडनच्या लाकडाचं अस्तर असं सगळं निघालं. दोन हजार वर्षं जमिनीत पडून लोखंड सुजलं, फुगलं, तडकलं, तरी चांदीची तार चरातच राहिली. बसवणाऱ्याच्या हाताला याहून मोठी पावती काय असणार?

मी हाल्टर्नची हुबेहूब नक्कल करणार नाही. त्याच घराण्यातलं, पण स्वतःचं म्यान करायचं आहे. अशा म्यानांचा दर्शनी पत्रा साधारण चार कप्प्यांत विभागलेला असतो. मी ठरवलेली मांडणी अशी: वरच्या आणि तिसऱ्या कप्प्यात वर्तुळ आणि त्यात फुलाच्या पाकळ्या, दुसऱ्यात जाळी, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या चौथ्या कप्प्यात ताडपानासारखा पसरणारा पामेट. टोकाला गोल चकती. बाजूला दोन पातळ्यांवर मिळून चार कड्या, पट्ट्याला अडकवायला. तोंडाशी रुंदी ६२ मिमी, चकती सोडून लांबी २४५ मिमी.

परतीच्या गाडीत वहीत पाकळ्या काढत बसले. सहा पाकळ्या की आठ, यावर दीड तास गेला. आठ.

३ फेब्रुवारी

सामानाची जमवाजमव. पत्रा साधा बांधकामाच्या पोलादाचा, १.५ मिमी. चांदी ९९९ टंचाची, कारण दागिन्यांची ९२५ची चांदी या कामाला ताठ पडते. पितळ मात्र शोधून आणावं लागलं. बाजारातलं नेहमीचं पितळ ३७ टक्के जस्ताचं, फिकट पिवळं. रोमन पितळेत जस्त कमी असे. त्यांना शुद्ध जस्त वेगळं काढून घेता येत नव्हतं. तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज म्हणजे आपलं खर्पर आणि कोळसा बंद मुशीत घालून तापवायचे. जस्ताची वाफ तांब्यात मुरायची. या रीतीने जस्त २८ टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतं. म्हणून मी २० टक्के जस्ताची तार घेतली. रंग जवळजवळ सोन्याचा. त्या काळच्या सैनिकाला ती का आवडत असेल, हे तार उन्हात धरली की कळतं.

तार १.५ मिमीवरून ०.८ मिमीवर मीच ओढली. भोकांची पट्टी आण्णांची, माझ्या वडिलांची आहे, हुपरीहून येताना सामानात टाकून आणलेली. आमचं घर पैंजणांचं. लहानपणी झोपेतून जाग यायची ती तार ओढायच्या आवाजाने. पट्टीची मधली तीन भोकं झिजून मोठी झाली आहेत, ती सोडून पुढच्या भोकाला गेलं की झालं. दर तीन भोकांनंतर तार तापवून नरम करायची. चांदीने काही कुरकूर केली नाही. पितळ दोनदा तुटलं, दोन्ही वेळा मी नरम करायचा कंटाळा केला होता.

४ फेब्रुवारी

चर कोरायचं तंत्र लिहून ठेवते, कारण सगळं यावर उभं आहे.

कारखान्यात झिजून टाकून दिलेल्या हाय स्पीड स्टीलच्या ३ मिमी चौकोनी कांड्या असतात, त्या घासून कलमं केली. पहिलं कलम सपाट तोंडाचं, ०.७ मिमी रुंद. ६० ग्रॅमच्या हातोडीने हलके हलके ठोके देत ०.६ मिमी खोल चर न्यायचा. हा चर सरळ भिंतींचा असतो, त्यात ठोकलेली तार नखाने उचकटून येते. म्हणून दुसरं कलम, अरुंद आणि तिरकं. ते चराच्या तळाशी टेकवून आधी डावीकडच्या आणि मग उजवीकडच्या भिंतीच्या पायात घुसवायचं. चर तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद होतो, सुतार पंखजोड करतो तसा. शेवटी तळाला टोकदार कलमाने बारीक दात उठवायचे.

हिशेब: ०.८ मिमी तारेचं छेदक्षेत्र ०.५ चौ. मिमी. चराचं ०.४२, आणि दोन्ही बाजूंच्या पोटांचं मिळून साधारण ०.०६. म्हणजे तार चराहून किंचित जास्त भरते. हे जास्तीचं हवंच. ते नसेल तर चांदी कोपऱ्यांत पोचत नाही. फार झालं तर ती बाजूला पसरून रेषा फाटल्यासारखी दिसते. पहिल्या चाचणीत माझा चर ०.५ मिमीच खोल होता, रेषा जाडी-बारीक झाली. दुसऱ्या चाचणीत जमलं. बसवलेल्या तारेचं टोक पक्कडीत धरून ओढलं. तार तुटली, पण चरातली हलली नाही.

या कामाला जर्मनमध्ये टाउशीरुंग म्हणतात. आपल्याकडची कोफ्तगिरी याच कुळातली, पण रीत वेगळी. कोफ्तगिरीत पोलादाचा पृष्ठभाग बारीक उभ्या-आडव्या ओरखड्यांनी खरबरीत करतात आणि त्यावर तार दाबतात. सोन्याचा पातळ थर नुसता वर चिकटून बसतो. बिदरी याहून जवळची, तिथे खरोखर चर कोरतात. पण बिदरीचा धातू मुख्यतः जस्ताचा, कलमाखाली बऱ्या बोलाने निघतो. लोखंड निघत नाही. दर चार-पाच सेंटीमीटरला कलमाला धार.

१७ फेब्रुवारी

मीन्याची पहिली चाचणी, पूर्ण फसली.

लोखंडावर लाल मीना सरळ धरत नाही. आधी कोबाल्ट असलेला काळपट निळा पायाथर, तो ८२० अंशांवर तीन मिनिटं. त्यावर लाल, ७८० अंशांवर, दोनदा. पायाथरातच फोड आले. लाल थर चढवला तर त्यातूनही बुडबुडे वर येऊन फुटले, देवी आलेल्या चेहऱ्यासारखं दिसायला लागलं. आधी वाटलं पूड ओली राहिली. पुन्हा नीट वाळवून केलं, तेच.

कारण पत्र्यात होतं. बांधकामाच्या पोलादात ०.१७ टक्क्यांपर्यंत कार्बन असतो. वितळलेल्या काचेखाली त्याचा वायू होतो आणि तो काच फोडून बाहेर पडतो. मीन्याच्या भांड्यांसाठी वेगळा पत्रा मिळतो, डीसी०४ईके नावाचा, कार्बन ०.०८ टक्क्यांच्या आत. मागवला.

लाल रंगाबद्दल एक तडजोड इथेच मांडते. प्राचीन अपारदर्शक लाल काचेचा रंग तांब्याच्या ऑक्साइडमुळे येतो आणि त्या काचेत बहुधा शिसं असतं. माझ्या तळघरात मी शिशाची काच वितळवणार नाही. आजचा शिसं नसलेला लाल मीना वापरते आहे, त्याचा रंग कॅडमियम आणि सेलेनियममुळे येतो. छटा जरा जास्त तेजस्वी आहे. त्या गृहस्थांना हे आधीच सांगितलं आहे.

२ मार्च

नव्या पत्र्यावर मीना आरशासारखा आला. आनंदाच्या भरात मी पुढची चूक केली.

चाचणीच्या तुकड्यावर एक वर्तुळ आणि त्याशेजारी ६० मिमीच्या दोन सरळ रेषा अशी चांदी आधीच बसवलेली होती. मला वाटलं, आधी सगळं ठोकाठोकीचं काम उरकून घ्यावं आणि नाजूक काच शेवटी भरावी. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, भट्टी ७८० वर, धोका नाही. मीना छान बसला. तुकडा थंड झाल्यावर सरळ रेषेवर नख लावलं तर तार चरात मागे-पुढे सरकली. दोन्ही टोकांना फट. वर्तुळ मात्र घट्ट होतं.

वर्तुळ का टिकलं, हे लगेच सुटलं नाही. रात्री वहीत आकडे मांडले. तापमान एक अंशाने वाढलं की चांदी दर मीटरला १९ मायक्रॉन वाढते, लोखंड १२. भट्टीत चांदीला लोखंडाहून जास्त पसरायचं असतं, पण चर तिला पसरू देत नाही. त्या उष्णतेत ती लोण्यासारखी मऊ असते, म्हणून मुकाट्याने दबते. थंड होताना मात्र ती आपल्या स्वभावाप्रमाणे लोखंडाहून जास्त आकसते. ७०० अंशांच्या फरकाला ६० मिमी रेषेत जवळपास ०.३ मिमी. टोकाची फट मोजली, तेवढीच भरली. वर्तुळ आकसतं तेव्हा ते चराच्या आतल्या भिंतीला आवळतं, गाडीच्या चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव थंड झाल्यावर आवळते तसं. त्यामुळे वर्तुळ पक्कं आणि रेषा सैल. भिंगाखाली पाहिलं, तर वर्तुळाच्याही बाहेरच्या अंगाला केसाएवढी काळी फट होतीच.

सैल रेषा पुन्हा ठोकून पाहिल्या. चांदी बसली, पण तीन मिमीवरच्या मीन्याला तडा गेला.

३ मार्च

आण्णांना फोन केला. कॅमेऱ्यासमोर तुकडा धरला, रेषा सरकवून दाखवली.

“आण्णा, तुम्ही काय केलं असतंत?”

“आधी चांदी बशीवलीस आन् मग भट्टीत घातलीस न्हवं?”

“हो.”

“मग ती कुणाला धरून ऱ्हानार बाळ? तापली की दमच संपला तिचा. काच आधी कर. चांदी शेवटाला, थंडच.”

“पण मग ठोकताना काच फुटते.”

“हानायचं कशाला? कुंदन कसं बशीवत्यात बघितलंयस की तू. दाबायचं. चोख चांदी हाय, नरम करून घे, अकीकानं दाब. जोर हाताचा नगं, खांद्याचा लाव.”

मग त्यांनी पाच मिनिटं खांद्याचा जोर म्हणजे काय ते उभं राहून करून दाखवलं. आईला वाटलं त्यांना काहीतरी होतंय.

१६ मार्च

नवा क्रम चाचणीवर. पत्रा वाकवणं, सगळे चर आणि खळगे कोरणं, मग मीना, मग चांदी, शेवटी पितळ. आता अडचण अशी की कोरलेले रिकामे चर भट्टीत जातात आणि आतून लोखंडाच्या काळ्या किटाने भरतात. कीट ॲसिडने काढावं तर मीना खराब होतो. पहिल्यांदा कलमाने खरवडून काढलं, त्यात चराच्या पोटाची धार बोथट झाली. दुसऱ्यांदा भट्टीत घालायच्या आधी चरांत केओलिनचा, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीचा, पातळ लेप भरला. भट्टीनंतर लेप लाकडी काडीने पापुद्र्यासारखा निघाला, खाली कीट नाममात्र.

चांदीची तार नरम करून चरात ठेवली. अकीकाच्या, म्हणजे गुळगुळीत कठीण दगडाच्या, घोटणीने दाबायला सुरुवात केली. ९९९ची नरम चांदी खरंच दबते. पहिल्या फेरीत ती फक्त चराच्या तोंडात बसते, दुसऱ्या फेरीत पोटात उतरते, आणि उतरते त्या क्षणी हाताला कळतं. प्रतिकार एकदम बदलतो. ६० मिमी रेषेला वीस मिनिटं लागली. पक्कडीची परीक्षा पास. मीन्यापासून एक मिमीवरची रेषासुद्धा तडा न जाता बसली.

पितळ दाबून बसत नाही. नरम केलेलंही नाही. त्याला हातोडीच हवी. म्हणून मांडणी बदलली: पितळ फक्त बाहेरच्या चौकटीत आणि खालच्या पामेटमध्ये, जिथे मीना नाही. मीन्यापासून किमान सहा मिमी अंतर. फुलाभोवती फक्त चांदी. कागदावर आखताना मी पाकळ्यांच्या टोकांना पितळेचे ठिपके दिले होते, ते गेले. डोळ्याला मांडणी आता जास्त बरी दिसते, हे कबूल करायला हवं.

३० मार्च

खऱ्या पत्र्याचं कोरीवकाम सुरू होऊन दोन आठवडे झाले. संध्याकाळी दोन तास, शनिवार-रविवारी सहा. चांदीचे चर २.१ मीटर, पितळेचे ०.९ मीटर. तासाला दहा सेंटीमीटर निघतात. तारेचं वजन केलं: २.१ मीटर चांदी म्हणजे ११ ग्रॅम. जुन्या मापाने तोळाभरही नाही. आमच्या घरी पैंजणाच्या एका जोडाला याहून कितीतरी जास्त चांदी जायची. सैनिकाला हे परवडायचं कसं, याचं निम्मं उत्तर या वजनात आहे. महाग होती ती मजुरी.

आणि ती मजुरी करणारा माणूस सहसा दिसत नाही. ओबरअमरगाऊला सापडलेलं एक म्यान याला अपवाद आहे. त्यावर कारागिराने आपलं नाव घातलंय: गायस अँटोनियसने केलं. कोरताना तो माणूस सारखा डोळ्यांसमोर येतो. त्याच्याकडे माझ्यासारखं भिंग नव्हतं, विजेचा दिवा नव्हता, घासून घ्यायला हाय स्पीड स्टील नव्हतं. त्यालाही दर बोटभर अंतरावर कलमाला धार लावावी लागली असणार.

९ एप्रिल

आज पाडवा. सकाळी गुढी उभारली, दुपारी रजा, आणि मुहूर्त म्हणून भट्टी लावली. सोळा पाकळ्या. पायाथर एकदा, लाल दोनदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मध्ये कार्बोरंडमच्या दगडाने पाण्याखाली घासून मीना लोखंडाच्या पातळीला आणला, मग शेवटच्या आगीने चकाकी परत आली.

पत्रा भट्टीतून काढला तेव्हा लाल रंग दिसतच नव्हता, सगळं काळपट तपकिरी. थंड होता होता एकेक पाकळी उजळत गेली. सोळाच्या सोळा. मी बराच वेळ खुर्चीत बसून होते.

पत्रा मधोमध अर्धा मिमी वाकला आहे. अस्तर बसवताना लाकूड तेवढं तासून घेईन. आता त्यावर दाब देऊन सरळ करायचं धाडस नाही.

२० एप्रिल

चांदी. पत्र्याच्या मागच्या बाजूला राळ भरून तो लोखंडी ठोकळ्यावर बसवला, म्हणजे दाबताना कुठेही पोकळी नको. वरचा कप्पा पूर्ण. जाळीच्या कप्प्यात रेषा एकमेकींना छेदतात. तिथे तार अखंड ठेवायची की तोडायची हा प्रश्न. अखंड ठेवून एकावर एक दाबली तर छेदाशी चांदी दुप्पट होते आणि बाजूला पसरते. म्हणून एका दिशेच्या तारा अखंड, दुसऱ्या दिशेच्या दोन रेषांमधल्या अंतराएवढ्या कापून. कापलेलं टोक अर्धा मिमी लांब ठेवायचं, दाबलं की ते शेजारच्या तारेला जाऊन भिडतं. सांधा भिंगाखालीही दिसत नाही.

तिसऱ्या कप्प्यात एक पाकळी गेली. घोटणी घसरली आणि तिचं टोक मीन्याच्या काठावर आपटलं. खसखशीच्या दाण्याएवढा टवका. पुन्हा भट्टीत घालावं, तर बसवलेली सगळी चांदी सैल होणार. आज काहीच ठरवलं नाही, दिवा बंद करून वर आले.

२१ एप्रिल

त्या गृहस्थांना टवक्याचा फोटो पाठवला आणि दोन पर्याय सांगितले: आहे तसं ठेवायचं, किंवा पत्रा पहिल्यापासून. मी पहिल्यापासून करायला तयार होते, तसं स्पष्ट लिहिलं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. तसंच राहू द्या, पण तो टवका कसा पडला ते मला लिहून द्या, लोकांना दाखवताना मी सांगेन. या नोंदींची एक प्रत त्यांना देणार आहे.

४ मे

पितळ बसवलं. चौकट सरळ रेषांची, म्हणून सोपी. पामेटची वळणं अवघड. पितळ वळणावर चराच्या बाहेरच्या भिंतीवर चढतं. तार आधी पक्कडीत वळणाच्या आकाराला आणली, पुन्हा नरम केली, मग बसवली. एका पानाला तीन तारा, सात पानं. हातोडीचा ठोका मारताना दुसऱ्या हाताचा अंगठा मीन्यावर ठेवून धक्का जाणवतो का ते बघत होते. जाणवला नाही. सहा मिमीचं अंतर पुरलं.

मग घासणी. जास्तीचा धातू बारीक कानसेने लोखंडाच्या पातळीला, पुढे ४०० पासून १२०० नंबरपर्यंत ओला कागद. नक्षी पहिल्यांदा स्वच्छ रेषेत दिसली आणि लगेच नाहीशीही झाली! पितळ दिसतं, लाल दिसतं, पण चकचकीत लोखंड आणि चकचकीत चांदी दोन हातांवरून एकच दिसतात.

१८ मे

लोखंड गडद करण्याचे प्रयत्न. २९० अंशांवर तापवलं तर लोखंड सुरेख निळं होतं आणि चांदी पांढरी राहते. चाचणीच्या तुकड्यावर करून पाहिलं. रंग अप्रतिम आला. पण ६० मिमी रेषेच्या टोकाला पुन्हा बारीक फट, या वेळी ०.१ मिमीच्या आसपास. तेच गणित, कमी तापमानाला. म्हणून आग नाहीच.

शेवटी चहा. काळ्या चहाचं अगदी कडक पाणी, थंड केलेलं. चहातला तुरटपणा लोखंडाशी मिळून काळपट राखाडी थर धरतो. चांदीवर आणि काचेवर त्याचा काही परिणाम नाही, पितळ जरा मंदावतं तेवढं. चार तास बुडवून ठेवलं, धुतलं, वाळवलं, जवसाच्या तेलाचा हात फिरवला, चांदीवरून सुती कापड. आता रेषा दहा हातांवरूनही वाचता येते. आण्णांना फोटो पाठवला. त्यांनी मोठा करून पाहिला असणार, कारण उत्तर आलं ते फक्त टवक्याबद्दल होतं: “खालच्या फुलाला काय झालं?”

१ जून

जोडणी. मागचा पत्रा साधा, नक्षी नाही. आत लिंडनच्या लाकडाची दोन फळकुटं, तीन मिमी जाड, पात्याच्या कण्यासाठी मध्ये खोबण. दर्शनी पत्र्याच्या बाकाएवढं लाकूड मधोमध तासलं. दोन्ही पत्रे कडांना रिव्हेटने जोडले, वरच्या चार रिव्हेटखाली कड्यांचे पट्टे. खाली चकती. रिव्हेट मारताना नक्षीची बाजू चामड्यावर ठेवली आणि ठोके मागून दिले.

पातं घातलं. शेवटच्या दोन सेंटीमीटरला अडलं, लाकूड थोडं तासलं, मग आवाज न करता आत गेलं. उलटं धरून हलवलं तरी पडत नाही.

त्या गृहस्थांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत, विसरू नये म्हणून इथे लिहिते. पावसात भिजलं तर त्याच दिवशी पुसून तेलाचं बोट फिरवायचं. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलं तर चालेल, शेकोटीजवळ मात्र नाही. आणि तिसऱ्या कप्प्यातली जाळीलगतची सगळ्यात लांब रेषा, ५४ मिमीची, तिच्या दोन्ही टोकांवर दर हंगामानंतर भिंग धरायचं. फट दिसली तर म्यान माझ्याकडे आणायचं. मी दाबून देईन.